गोल्फचा २०२६ चा हंगाम समजून घ्यायचा असेल तर यादी खालून वाचा

पीजीए टूर या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक गोल्फ मालिकेत पुढच्या वर्षी खेळण्याचा पक्का हक्क आतापर्यंत गुणतक्त्यातल्या पहिल्या १२५ जणांना मिळायचा. २०२५ चा हंगाम संपल्यापासून तो पहिल्या १०० जणांनाच मिळतो. या हक्काला गोल्फमध्ये ‘कार्ड’ म्हणतात. कोण कुठल्या आठवड्यात दिसेल, कोण सलग पाच-सहा आठवडे खेळून दमेल, शुक्रवारी संध्याकाळी कुणाचे हात पटिंगच्या वेळी (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालताना) थरथरतील, यातलं बरंचसं या एका कपातीने ठरणार आहे. स्कॉटी शेफलर आणि रोरी मॅकिलरॉय या अव्वल खेळाडूंकडे पुढे येऊच. आधी तळाची गणितं, कारण वरची गणितं त्यांच्यावरच उभी आहेत.

कार्ड, कट आणि पैसा

गोल्फपटूला टूर पगार देत नाही. विमानाची तिकिटं, हॉटेल, कॅडीचं मानधन, प्रशिक्षकाची फी, सगळं त्याचं त्याने बघायचं. मैदानावरची कमाई बक्षिसाच्या रकमेतून होते आणि बक्षिसासाठी आधी स्पर्धेत नाव लागावं लागतं. कार्ड असेल तर नाव लागतं.

नाव लागलं तरी चार दिवस खेळायला मिळेलच असं नाही. गुरुवारी १८ होल, शुक्रवारी १८ होल. त्या ३६ होलनंतर पहिले ६५ खेळाडू, आणि ६५ व्या क्रमांकाशी बरोबरीत असलेले सगळे, शनिवार-रविवारी खेळतात. हा झाला ‘कट’. बाकीच्यांना नेहमीच्या स्पर्धेत एक डॉलरही मिळत नाही. समजा पर्स, म्हणजे बक्षिसांची एकूण रक्कम, ९० लाख डॉलरची आहे. विजेत्याला १८ टक्के म्हणजे १६ लाख २० हजार डॉलर मिळतात. ६५ व्या खेळाडूला ०.२१५ टक्के, म्हणजे १९,३५० डॉलर. एका फटक्याने कट हुकलेल्याला शून्य, आणि खर्च मात्र तेवढाच. म्हणून जाणकार प्रेक्षक शुक्रवारी दुपारनंतर अव्वल पाचांपेक्षा कटच्या रेषेवर नजर ठेवतात. थेट गुणफलकावर अंदाजे कट दाखवणारी रेषा असते आणि ती दिवसभर हलते. दुपारी वारा सुटला की मागच्यांचे फटके वाढतात, रेषा खाली सरकते आणि सकाळीच खेळून हॉटेलात परतलेल्या एखाद्याला दोन दिवस आणखी मिळतात.

मेजर, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मानाच्या चार स्पर्धा, यांत कटचा नियम प्रत्येकीचा वेगळा आहे. मास्टर्समध्ये पहिले ५०, यूएस ओपनमध्ये ६०, पीजीए चॅम्पियनशिप आणि द ओपनमध्ये ७०, आणि सगळीकडे त्या क्रमांकावर बरोबरीत असलेलेही पुढे जातात.

आता १०० आणि १२५ मधल्या पंचवीस जणांचं काय? ते टूरबाहेर फेकले जात नाहीत, पण त्यांचं स्थान आरक्षणाच्या वेटिंग लिस्टसारखं होतं. वरच्या कुणी माघार घेतली तर जागा मिळणार, आणि ती कधी मिळेल ते शेवटच्या दोन दिवसांपर्यंत कळणार नाही. अशा खेळाडूला वर्षाचं नियोजन करता येत नाही. आपल्या खेळाला मानवणारी मैदानं निवडता येत नाहीत. मिळेल तिथे, मिळेल तेव्हा खेळावं लागतं.

खालून वर येण्याची दारंही अरुंद झाली आहेत. कॉर्न फेरी टूर ही पीजीए टूरची खालची पायरी. तिथून आधी ३० जणांना कार्ड मिळायचं, आता २० जणांना मिळतं. युरोपच्या डीपी वर्ल्ड टूरवरून १० जण येतात. क्यू-स्कूल या वर्षअखेरच्या पात्रता स्पर्धेतून फक्त ५ जण, आणि बरोबरी झाली तर प्लेऑफ खेळून पाचच उरवायचे. २०२५ चा यूएस ओपन जिंकणाऱ्या जे. जे. स्पॉनला २०२४ च्या मध्यावर आपलं कार्ड जाईल अशी धास्ती वाटत होती. ज्या यादीतून असा विजेता वर्षभरात वर येऊ शकतो, त्या यादीचं शेपूट कापताना जपून कापायला हवं होतं. १०० चा आकडा एक वेळ पटतो. क्यू-स्कूलच्या पाच जागा मात्र फारच थोड्या आहेत.

मैदानावर इतकी गर्दी का नको होती

कपातीमागे एक खरी अडचण होती: उजेड. उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धांत आधी १५६ खेळाडू असायचे. तिघातिघांचे ५२ गट होतात. निम्मे सकाळी, निम्मे दुपारी, आणि प्रत्येक सत्रात अर्धे पहिल्या टीवरून (होलचा पहिला फटका मारायची जागा) तर अर्धे दहाव्या टीवरून सुरू करतात. म्हणजे एका टीवर एका सत्रात १३ गट. दोन गटांमध्ये ११ मिनिटं धरली तर तेरावा गट निघेपर्यंत १३२ मिनिटं जातात. पहिला गट नऊ होल संपवून पलीकडच्या टीवर पोचतो तेव्हा सव्वादोन तास झालेले असतात, आणि तिथला शेवटचा गट नुकताच हललेला असतो. एका चेंडूचा शोध, एका नियमाचा वाद, एवढ्यानेही रांग लागते. ती उशिराची रांग दुपारच्या सत्रावर जाते आणि दुसरी फेरी शुक्रवारी अंधारामुळे अर्धवट राहते. मग शनिवारी पहाटे उरलेले होल आणि कट लांबणीवर.

१४४ खेळाडू असले की एका टीवर १२ गट होतात आणि शेवटचा गट १२१ मिनिटांत निघतो. ही अकरा मिनिटं म्हणजेच श्वास घ्यायला जागा. २०२६ मध्ये कमाल संख्या १४४ आहे, दिवस लहान असतो तेव्हा १३२ किंवा १२०. या बदलाचा तोटा असा की १२० च्या स्पर्धांतून सोमवारची खुली पात्रता फेरी गेली. अनोळखी नावांना थेट मोठ्या स्पर्धेत नेणारी वाट तेवढ्या आठवड्यांपुरती बंद.

याच सत्रांमुळे आणखी एक गोष्ट घडते, जी नवख्या प्रेक्षकाच्या लक्षात येत नाही. निम्मे खेळाडू गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, उरलेले याच्या उलट. गुरुवारी दुपारी आणि शुक्रवारी सकाळी वारा असेल तर एका निम्म्याला दोन्ही दिवस त्रास होतो आणि दुसऱ्याला एकही दिवस नाही. त्यामुळे एखादा नावाजलेला खेळाडू कट चुकला की आधी त्याच्या वेळा बघाव्यात, मग त्याचा फॉर्म.

सिग्नेचर स्पर्धा आणि त्यांचं कुंपण

हंगाम खरं तर हवाईतल्या कापालुआच्या द सेंट्रीने सुरू व्हायचा. माउई बेटावरचा दुष्काळ आणि पाणीपुरवठ्याचा वाद यामुळे तिथलं गवत वाळलं आणि २०२६ ची स्पर्धा रद्द झाली. सुरुवात १५ जानेवारीला होनोलुलूतल्या सोनी ओपनने झाली. सेंट्री गेल्यामुळे ‘सिग्नेचर’ स्पर्धा आठ उरल्या: पेबल बीच, रिव्हिएराची जेनेसिस, बे हिलची अर्नोल्ड पामर, हिल्टन हेडची आरबीसी हेरिटेज, मायामीत डोरालवर नव्याने आलेली कॅडिलॅक, क्वेल हॉलोची ट्रुइस्ट, ओहायोतली मेमोरियल आणि कनेक्टिकटची ट्रॅव्हलर्स. प्रत्येकीची पर्स दोन कोटी डॉलर, खेळाडू सुमारे सत्तर-ऐंशीच. जेनेसिस, अर्नोल्ड पामर आणि मेमोरियल सोडल्या तर यांत कट नाही. नाव लागलं की पैसे आणि गुण नक्की.

गुण असे: साध्या स्पर्धेच्या विजेत्याला ५००, सिग्नेचरच्या विजेत्याला ७००, मेजर आणि द प्लेयर्स (टूरची स्वतःची सर्वांत मोठी स्पर्धा) जिंकणाऱ्याला ७५०. मागच्या हंगामातल्या पहिल्या ५० जणांना आठही सिग्नेचर स्पर्धांत थेट प्रवेश. इथे अडचण स्पष्ट दिसते. ज्याला प्रवेश आहे तो मोठ्या गुणांच्या आठ स्पर्धा खेळतो, त्यांतल्या पाचांत कट नाही, आणि त्या गुणांवर पुढच्या वर्षी पुन्हा ५० मध्ये राहतो. बाहेरच्याला त्याच गुणांसाठी साध्या स्पर्धा जिंकत सुटावं लागतं.

कुंपणात दोन फटी ठेवल्या आहेत. चालू वर्षाच्या गुणतक्त्यातले, अन्य मार्गाने प्रवेश नसलेले वरचे दहा जण, आणि दोन सिग्नेचर स्पर्धांमधल्या साध्या स्पर्धांत मिळून सर्वाधिक गुण मिळवणारे पाच जण. या दुसऱ्या फटीला ‘स्विंग फाइव्ह’ म्हणतात आणि आमच्या मते आख्ख्या वेळापत्रकातली ती सर्वांत रंगतदार स्पर्धा आहे. सिग्नेचरच्या आदल्या रविवारी एखादा खेळाडू चौथ्या क्रमांकासाठी अठराव्या होलवर सहा फुटांचा पट मारत असतो, तेव्हा त्या पटवर दोन कोटींच्या पर्सचा प्रवेश असतो. प्रक्षेपणात बहुधा विजेताच दिसतो. शेजारी फोनवर गुणतक्ता उघडून ठेवा.

जागतिक क्रमवारी कशी चालते

मास्टर्सचं निमंत्रण, यूएस ओपनचा थेट प्रवेश, यांत जागतिक क्रमवारीतल्या स्थानाला फार महत्त्व. क्रमवारीत गेल्या १०४ आठवड्यांचे गुण धरले जातात. पहिले १३ आठवडे गुण पूर्ण मोजतात. मग उरलेल्या ९१ आठवड्यांत दर आठवड्याला सारख्याच पायऱ्यांनी कमी होत शून्यावर येतात. मेजरच्या विजेत्याला १०० गुण. मॅकिलरॉयने एप्रिल २०२५ मध्ये मास्टर्स जिंकून मिळवलेल्या १०० गुणांपैकी वर्षभराने सुमारे ५७ उरतात. म्हणजे एखादा खेळाडू घरी बसून असतानाही खाली सरकतो. यात चुकीचं काही नाही, गणितच तसं आहे.

या गुणांची बेरीज नंतर स्पर्धांच्या संख्येने भागतात. भाजक किमान ४० आणि कमाल ५२. दोन वर्षांत फक्त २० स्पर्धा खेळलेल्याची बेरीज ८० असली तरी भागायचं ४० नेच, सरासरी २. दुखापतीतून परतणाऱ्याला हा किमान भाजक जड जातो. उलट सतत खेळणाऱ्याचं वाईट आठवड्यांनी नुकसान होतं, कारण कट हुकला की गुण शून्य आणि भाजकात एक वाढ.

सौदी पैशावर २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलआयव्ही लीगचा तंटा याच क्रमवारीपाशी होता. ५४ होल, कट नाही, ठरावीक खेळाडू, म्हणून तिथे गुण मिळत नव्हते. २०२६ पासून ती लीग ७२ होलची झाली, आणि क्रमवारीच्या मंडळाने पहिल्या दहा जणांना व दहाव्याशी बरोबरीत असलेल्यांना गुण द्यायचं ठरवलं. अकराव्याला काही नाही. हा तोडगा अर्धाच आहे, तरी ब्रायसन डीशॅम्बो आणि जॉन राम यांच्यासारख्यांची क्रमवारी आता थोडी तरी खरी दिसेल. ब्रूक्स कोएप्का मात्र लीग सोडून पीजीए टूरवर परतला. त्यासाठी त्याने ५० लाख डॉलर धर्मादाय कामाला देणं, पाच वर्षं टूरच्या खेळाडू-भांडवलातला वाटा सोडणं, अशा अटी मान्य केल्या. पाच मेजर जिंकलेला खेळाडू सिग्नेचर स्पर्धांत शिरायला साध्या स्पर्धांतून गुण गोळा करतोय, हे दृश्य बघण्यासारखं आहे.

शेफलर इतका पुढे का

२०२५ मध्ये शेफलरने सहा स्पर्धा जिंकल्या, त्यांत पीजीए चॅम्पियनशिप पाच फटक्यांनी आणि द ओपन चार फटक्यांनी. तो कशात पुढे आहे हे समजायला ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही मोजणी उपयोगी पडते आणि ती वाटते तितकी अवघड नाही.

पीजीए टूरवरचा प्रत्येक फटका मोजला जातो. त्यावरून चेंडू कुठेही असला तरी तिथून होलमध्ये जायला सरासरी किती फटके लागतात हे माहीत असतं. ४०० यार्डांच्या होलवर टीपासून ३.९९. फेअरवेवर (होलकडे जाणारी कापलेल्या गवताची पट्टी) १२० यार्ड उरले असतील तर २.८५. खेळाडूने टीवरून मारून चेंडू तिथे आणला, तर त्याने ३.९९ वरून २.८५ वर म्हणजे १.१४ फटक्यांचं काम एका फटक्यात केलं. नफा ०.१४. आता ८ फुटांचा पट. टूरवरचे खेळाडू तो साधारण निम्म्या वेळा घालतात, म्हणून अपेक्षा १.५. घातला तर नफा अर्धा फटका, चुकला तर तोटा अर्धा. ३३ फुटांवरून अपेक्षा बरोबर २ ची.

अशी बेरीज सगळ्या फेऱ्यांची केली की खेळाडूचं खरं रूप दिसतं. एकूण स्ट्रोक्स गेन्डमध्ये शेफलर २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं पहिला होता. त्याचा मोठा नफा ‘अप्रोच’मधून, म्हणजे ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या) दिशेने लोखंडी क्लबने मारलेल्या फटक्यांतून येतो. हंगामाचा अंदाज बांधताना हे महत्त्वाचं, कारण पटिंगचा नफा आठवड्यागणिक वरखाली होतो, अप्रोचचा नफा टिकतो. दोन खेळाडू सारखेच फॉर्मात दिसत असतील तर ज्याचा नफा अप्रोचमधून येतोय त्याच्यावर भरवसा ठेवा. नुसत्या पटिंगवर तरलेला पुढच्या महिन्यात बहुधा बुडतो.

चार मेजर

मास्टर्स ९ ते १२ एप्रिल, ऑगस्टा. मॅकिलरॉयने २०२५ मध्ये जस्टिन रोजला प्लेऑफमध्ये हरवून चारही मेजर जिंकणारा सहावा खेळाडू होण्याचा मान मिळवला. आता तो विजेतेपद राखायला उतरतो. लागोपाठ दोन वर्षं मास्टर्स जिंकणारे त्याच्याआधी तिघेच आहेत: जॅक निकलस १९६५-६६, निक फाल्डो १९८९-९०, टायगर वूड्स २००१-०२. या वेळच्या निमंत्रणांत एक चांगला बदल आहे. स्कॉटलंड, स्पेन, जपान, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या राष्ट्रीय ओपनच्या विजेत्यांना थेट प्रवेश मिळतो. अमेरिकेबाहेर वर्षभर खेळणाऱ्यांना यातून ऑगस्टाची खरी वाट मिळाली.

पीजीए चॅम्पियनशिप १४ ते १७ मे, फिलाडेल्फियाजवळच्या अ‍ॅरोनिमिंकवर. डोनाल्ड रॉसची आखणी, मैदान १९२८ चं, आणि मैदानं आखणाऱ्या गिल हॅन्सने त्याचे जुने बंकर (वाळूचे खड्डे) पुन्हा झुबक्याझुबक्याने उभे केले आहेत. ही स्पर्धा इथे १९६२ मध्ये झाली होती, तेव्हा गॅरी प्लेअर जिंकला. २०१८ ची बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप इथेच पावसाने मऊ झालेल्या मैदानावर झाली आणि कीगन ब्रॅडलीने पारच्या, म्हणजे मैदानासाठी ठरवलेल्या फटक्यांच्या, २० खाली जाऊन प्लेऑफमध्ये जिंकली. मऊ ग्रीनवर चेंडू पडला तिथेच थांबतो, म्हणून फटक्यांची संख्या कमी होते. मे महिना कोरडा गेला तर याच ग्रीनचे चढउतार चावरे होतील. न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना चारही मेजरमध्ये हेच मैदान गाडीने दीड-दोन तासांवर आहे. बघायला जायचं असेल तर सरावाचा मंगळवार किंवा बुधवार निवडा. गर्दी कमी असते आणि खेळाडू एकाच ग्रीनवर वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चेंडू घरंगळवून बघताना दिसतात.

आणि मग शिनेकॉक हिल्स. १८ ते २१ जून, लाँग आयलंडच्या पूर्व टोकाला. या वर्षातली सर्वांत महत्त्वाची स्पर्धा आमच्या मते ही. एक कारण शेफलर. मास्टर्स दोनदा, पीजीए आणि द ओपन त्याच्याकडे आहेत, फक्त यूएस ओपन नाही. शेवटची फेरी २१ जूनला आहे आणि त्याच दिवशी तो तीस वर्षांचा होतो. दुसरं कारण खुद्द मैदान.

इथे २००४ मध्ये आणि २०१८ मध्ये ग्रीन आयोजकांच्या हातून निसटले. ते कसं होतं हे एकदा समजून घेतलं की जूनमधला शनिवार वेगळ्या नजरेने बघाल. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने मोजतात. ३६ इंचांची खाचेची पट्टी एका टोकाने हळूहळू उचलायची, साधारण २० अंशांवर चेंडू खाचेतून सुटतो, आणि तो किती फूट घरंगळतो तो वेग. सपाट ग्रीनवर १३ फूट चालून जातात. शिनेकॉकच्या ग्रीनना उतार आहेत आणि ते कडांना खाली वळतात. गवत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर ठेवलेलं असतं. चेंडू टणक पडावा म्हणून मुळांपाशी पाणी मुद्दाम कमी ठेवतात. त्यात दुपारी समुद्रावरून कोरडा वारा आला की पात्यांतलं उरलंसुरलं पाणी उडतं, पाती मलूल होतात, रंग हिरव्यावरून करड्याकडे झुकतो आणि चेंडूला धरून ठेवणारं काही उरत नाही. सकाळी होल जिथे कापला तिथे उतार चालण्याजोगा होता, दुपारी तिथेच चेंडू थांबेनासा होतो.

२००४ च्या रविवारी सातव्या होलच्या ग्रीनवर इतकी अडचण झाली की दोन गटांच्या मध्ये पाणी मारावं लागलं. त्या दिवशी एकालाही पारच्या खाली जाता आलं नाही. २०१८ च्या शनिवारी सकाळी लवकर निघालेल्या डॅनियल बर्गर आणि टोनी फिनाव यांनी ६६ मारले. दुपारी ग्रीन सुकले, आघाडीवरचे एकामागून एक कोसळले, आणि ४५ व्या स्थानावरून निघालेले हे दोघे रविवारच्या शेवटच्या जोडीत जाऊन बसले. त्याच शनिवारी तेराव्या ग्रीनवर फिल मिकेल्सनने घरंगळणाऱ्या चेंडूलाच पुन्हा फटका मारला आणि दोन फटक्यांचा दंड घेतला. रात्री पाणी दिलं गेलं, ग्रीन मऊ झाले आणि रविवारी टॉमी फ्लीटवूडने ६३ मारले. अठराव्या होलवर ६२ साठी आठ-नऊ फुटांचा पट होता, वर सांगितलेला तोच निम्म्या शक्यतेचा. तो चुकला आणि कोएप्काने त्याला एका फटक्याने हरवलं. विजयी फटकेसंख्या पारच्या एक वर.

म्हणून या जूनमध्ये शनिवारी दुपारी दोन गोष्टी बघा. ग्रीनवर पडलेला चेंडू खड्डा पाडतोय का, आणि होलच्या पुढे गेलेला पट किती लांब जाऊन थांबतोय. खड्डा पडत नसेल आणि तीन फुटांऐवजी आठ फूट जात असेल, तर सकाळी खेळून सात-आठ फटके मागे असलेल्यांची नावं लिहून ठेवा.

फ्लीटवूडची गोष्ट जुलैपर्यंत जाते. २०२५ च्या टूर चॅम्पियनशिपमध्ये त्याने पीजीए टूरवरची पहिली स्पर्धा जिंकली, १६४ व्या प्रयत्नात, आणि सोबत फेडेक्स कप हे हंगामाचं विजेतेपद. मेजर अजून नाही. २०२६ चं द ओपन १६ ते १९ जुलैला रॉयल बर्कडेलवर आहे, साउथपोर्ट गावात. फ्लीटवूड मूळचा त्याच गावचा. बर्कडेलवर ओपन अकराव्यांदा होतंय. बाकीच्या लिंक्सवर (समुद्रकाठच्या वाळूवरच्या मैदानांवर) फेअरवेच्या उंचवट्यांवरून चेंडू कुठेही उडतो. इथे फेअरवे वाळूच्या टेकड्यांमधल्या सपाट पट्ट्यांवरून जातात, त्यामुळे चांगल्या फटक्याला न्याय मिळतो आणि नशिबाचा भाग थोडा कमी. २०१७ मध्ये इथेच ब्रँडन ग्रेसने पुरुषांच्या मेजरमधली पहिली ६२ ची फेरी खेळली. विजेता जॉर्डन स्पीथ. अप्रोच आणि ग्रीनभोवतीचा हात ज्याचा चांगला, त्याला हे मैदान साथ देतं, आणि फ्लीटवूडचे दोन्ही चांगले आहेत. शिनेकॉकला शेफलर, बर्कडेलला फ्लीटवूड, असा आमचा कौल.

ऑगस्टपासून पुढे

हंगामाचा शेवट खेळाडू गाळत जाणाऱ्या तीन स्पर्धांनी होतो: गुणतक्त्यातले पहिले ७० जण मेम्फिसला जातात, त्यांतले ५० बीएमडब्ल्यूला (यंदा सेंट लुईसच्या बेलरीव्हवर), त्यांतले ३० अटलांटाच्या ईस्ट लेकवर टूर चॅम्पियनशिपला. पहिल्या दोन्ही ठिकाणी विजेत्याला २,००० गुण आहेत, म्हणजे साध्या स्पर्धेच्या चौपट. त्यामुळे चाळिसावा माणूस एका आठवड्यात वर येऊ शकतो. ईस्ट लेकवर आधी गुणतक्त्यातला पहिला पारच्या १० खालून सुरुवात करायचा आणि बाकीचे क्रमांकानुसार त्याच्या मागून. २०२५ पासून सगळे शून्यावरून सुरू करतात. ती जुनी पद्धत कुणालाच नीट समजत नव्हती, गेली ते बरं झालं. मेम्फिसमध्ये खरी झुंज ५० व्या क्रमांकाची, कारण तिथे पुढच्या वर्षीच्या सगळ्या सिग्नेचर स्पर्धा ठरतात. शरद ऋतूतल्या स्पर्धांत ५१ ते ६० मध्ये राहणाऱ्यांना पुढच्या वर्षीच्या सुरुवातीच्या दोन सिग्नेचर मिळतात आणि १०० पर्यंतच्यांना कार्ड. मधे सप्टेंबरात शिकागोजवळ मेडायनाला प्रेसिडेंट्स कप आहे, अमेरिका विरुद्ध युरोप सोडून उरलेलं जग.

भारतीय खेळाडूसाठी या सगळ्या शिडीची पहिली पायरी पीजीटीआय, ही भारतातली व्यावसायिक गोल्फ मालिका. तिथल्या वर्षाच्या क्रमवारीत जो पहिला येतो त्याला डीपी वर्ल्ड टूरचं कार्ड मिळतं, आणि डीपी वर्ल्डच्या वर्षअखेरच्या यादीतून दहा जण पीजीए टूरवर जातात. म्हणजे पुण्याच्या क्लबवर खेळणाऱ्या मुलासाठी कागदावर वाट दोन हंगामांची आहे. पुण्याचा उदयन माने पीजीटीआयमधूनच टोकियो ऑलिम्पिकपर्यंत पोचला. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी २०२२ च्या द प्लेयर्समध्ये एका फटक्याने दुसरा आला आणि त्याच वर्षी एलआयव्हीकडे गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली गोल्फ क्लबवर ४० लाख डॉलरची डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली, मॅकिलरॉय खेळायला आला आणि जिंकला फ्लीटवूड. दिल्लीच्या अरुंद, झाडीने वेढलेल्या फेअरवेवर लांब मारणाऱ्यांनीही ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारायचा क्लब, वापरला नाही. असा आठवडा इथल्या खेळाडूंना परदेशात दहा स्पर्धा खेळून मिळणार नाही एवढं शिकवतो.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. मास्टर्स, पीजीए आणि यूएस ओपनचा रविवारचा शेवटचा पट म्हणजे आपली सोमवारची पहाट, साधारण साडेचार. शुक्रवारचा कट शनिवारी पहाटे पाचच्या सुमारास ठरतो. जागणं जमत नसेल तर यूएस ओपनचं सकाळचं सत्र आपल्याकडे दुपारी सव्वाचारच्या सुमारास सुरू होतं आणि निम्मे खेळाडू त्यातच दिसतात. द ओपन सर्वांत सोयीचं: इंग्लंड साडेचार तास मागे, म्हणून पहिला फटका सकाळी अकरानंतर लगेच आणि रविवारचा निकाल रात्री अकराच्या आत.